माळ्यावरची मराठी

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांत दोन गोष्टी हटकून बाहेर निघतात. एक म्हणजे चकलीचा साचा आणि आकाशकंदिलाची वायर ज्या खोक्यात ठेवली आहे ते खोके. आणि दुसरी, व्याख्यात्यांच्या तोंडचे 'आपला थोर सांस्कृतिक वारसा' हे शब्द. खोके भाऊबीज झाली की मुकाट्याने माळ्यावर जाते. शब्दांचे मात्र अलीकडे तसे राहिलेले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना एकाएकी बरे दिवस आले. एरवी माझ्या तासाला मान डोलावतो तो वर्गातला पंखाच. पण त्यानंतर शाळा झाल्या, बँका झाल्या, ज्येष्ठ नागरिकांचे संघ झाले, इतकेच काय, एका गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळावर स्कूटर बाजूला सारून मांडलेल्या खुर्च्यांसमोरही मी 'मराठीचा वारसा' या विषयावर बोलून आले. पाहुण्यांना नारळाऐवजी रोप देण्याची चाल पडल्यामुळे आमच्या सज्जात सध्या तुळशीची अकरा रोपे आहेत.

अशा सभांतला वारसा नेहमी मोठा असतो. तो लेण्यांत असतो, ग्रंथांत असतो, गडकोटांवर असतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी. तेव्हा आमच्या महाविद्यालयातही पेढे वाटले गेले आणि मीही दोन खाल्ले. मोठ्या वारशाविषयी माझी काहीच तक्रार नाही. पण पेढा खाताना मनात एक आगाऊ विचार येऊन गेला. रायगडाची काळजी वाहायला सरकार आहे, पुरातत्त्व खाते आहे, आता तर सारे जग आहे. रोवळीची काळजी वाहायला कोण आहे?

रोवळी म्हणजे काय, असे ज्या वाचकांच्या मनात आले असेल त्यांच्यासाठीच हा मजकूर आहे. आणि ज्यांच्या मनात आले नसेल त्यांनी शेजारी बसलेल्याला सांगावे, की धुतलेले तांदूळ निथळत ठेवायची ती बांबूची टोपली.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो वर्गात. म्हणींवर एक चाचणी घेतली होती. 'जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात' ही म्हण स्पष्ट करा, असा एक प्रश्न होता. एका विद्यार्थ्याने मोठ्या विचाराने उत्तर लिहिले होते: सूप कितीही गरम असले तरी ते पातळ असते, त्यामुळे त्यात पडलेल्यांना निदान पोहता येते, जात्यात तीही सोय नाही, म्हणून तिथले रडतात. मी त्याला अर्धा गुण दिला. उत्तर चुकले होते, पण तर्कात खोट नव्हती. या मुलाने सूप पाहिले ते उपाहारगृहात, वाडग्यातून आलेले. धान्य पाखडायचे सूप त्याच्या घरात नाही, त्याच्या आईच्याही घरात बहुधा नव्हते. आज सुपात असलेले दाणे उद्या जात्यातच जायचे आहेत आणि तरी ते जात्यातल्यांना हसत आहेत, ही त्या म्हणीतली सगळी जरब ते सूप डोळ्यांसमोर उभे राहिले तरच कळणार. नुसता शब्दार्थ सांगून ती कळत नाही, हे मी त्याच तासाला अनुभवले. शेवटी फळ्यावर सूप काढले. ते मुलांना संगणकाच्या उंदरासारखे वाटले.

आता योगायोग असा, की याच वर्षी आमच्या घराचाही माळा उतरवायची वेळ आली. पुण्याच्या पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला गेला आहे. डिसेंबरअखेर जागा मोकळी करून द्यायची आहे. नव्या इमारतीत आमच्या वाट्याला अकराव्या मजल्यावरच्या तीन खोल्या येणार आहेत. तिथे उद्वाहन आहे, चोवीस तास पाणी आहे, खिडकीतून पर्वती दिसणार आहे. माळा तेवढा नाही. वास्तुविशारदाला मी विचारले, तर तो म्हणाला, "मॅडम, आता लोक सामान ठेवत नाहीत, मागवतात."

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आई म्हणतो, १९६३ साली लग्न होऊन या वाड्यात आल्या. माहेर सातारा जिल्ह्यातले एक खेडे. आता त्यांना ब्याऐंशी वर्षे पुरी झाली आहेत. वाडा सोडताना त्या हळव्या होतील, एखादे भांडे उराशी धरून बसतील, अशी आम्हा सर्वांची समजूत होती. तसे काही झाले नाही. नवरात्र संपल्यावर एका रविवारी आमचे हे शिडी लावून माळ्यावर चढले, मुलगी खालून वस्तू झेलू लागली, आणि आई पाटावर बसून एखाद्या न्यायाधीशासारख्या निकाल देऊ लागल्या. "घंगाळ? मोडीत घाल. बंब? मोडीत. तो गंज गळतो, त्याला कधीची चीर आहे. परात राहू दे, तुळशीच्या लग्नाला लागेल." इतक्या निर्विकारपणे घर आवरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पहिली अडचण आली ती मापांपाशी. एका गोणपाटात गुंडाळलेली सात मापे निघाली, एकात एक बसणारी, सगळ्यात मोठे पाटीएवढे आणि सगळ्यात धाकटे मुलीच्या मुठीत मावणारे. मुलगी हरखून म्हणाली, "आजी, किती गोड! यांत मी निवडुंग लावते, खिडकीत ओळीने छान दिसतील."

"लाव की," आई म्हणाल्या, "पण कशात काय लावलंस ते मला सांगता आलं पाहिजे. हे काय?"

मुलीला सांगता येईना. मलाही शेर आणि पायली यांच्यापलीकडे जाता येईना. आणि मी मराठीची एम्. ए. आहे. मग आईंनी धाकट्यापासून एकेक माप जमिनीवर ठेवले आणि परवचा म्हणावा तसे म्हणून दाखवले. दोन निठव्यांचे एक कोळवे. दोन कोळव्यांचे एक चिपटे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. त्यावर मण आणि वीस मणांची खंडी. दुपटीने चढत जाणारा हा सगळा हिशेब. अपूर्णांक न शिकलेल्या माणसालाही अर्धे, पाव, अर्धपाव हातांनी कळावे असा. मग त्या म्हणाल्या, "आमच्या खळ्यावर माप घालताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचे नाहीत. 'लाभ' म्हणायचे. लाभ, मग दोन, मग तीन." आणि त्यांनी मुलीला गव्हाच्या डब्यापाशी नेले, शेरभर गहू मापात ओतायला लावले, आणि काठाच्या वर जो निमुळता ढीग झाला त्यावर बोट ठेवून विचारले, "याला काय म्हणतात?"

त्याला शीग म्हणतात. घेणाऱ्याला शीग हवी असते आणि देणारा काठावरून हात फिरवून ती पाडायला बघतो. क्रिकेटचा सामना रंगला, की आमच्या वर्तमानपत्रांत प्रेक्षकांचा उत्साह दर आठवड्याला शिगेला पोचतो. तो कुठे पोचतो हे मी त्या दिवशी गव्हाच्या ढिगावर पाहिले.

वाचकहो, गंमत पाहा. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आले. पुढच्या वर्षीपासून शेर आणि मण यांच्या जागी किलोग्रॅम येऊ लागला. व्यवहार सोपा झाला, फसवणूक कमी झाली, फार चांगले झाले. पण आपली जीभ अजून जुन्याच बाजारात फिरते. आपल्या मुलाने कधीचा गेलेला आणा पाहिलेला नसतो, तरी त्याचे म्हणणे सोळा आणे खरे असते. आजीची प्रकृती तोळामासा असते. शेराला सव्वाशेर भेटतो, तसली माणसे पायलीची पन्नास मिळतात, आणि अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही. पासंग म्हणजे तागडीची पारडी सारखी करायला हलक्या बाजूला बांधायचा दगड किंवा लोखंडाचा तुकडा. काटा विजेवर चालू लागला, पासंग संपला, आणि त्याचे नाव तेवढे भाषेत राहिले. घर पडले तरी दारावरची पाटी राहावी तसे. अशी पाटी काही काळ टिकते. पण पाटी कुणाची हे सांगणारे शेजारी निघून गेले की तिच्यावरची अक्षरे कुणी वाचत नाही.

दुसरा शब्द निघाला तो एका पितळी पातेल्यातून. मुलीने त्यात सरबत करायचे मनात आणले, तशा आई ओरडल्या, "अगं, त्याला कल्हई नाही, कळकेल!" मुलीने माझ्याकडे पाहिले. ताक, चिंच, लिंबू असे आंबट काही बिनकल्हईच्या पितळेत वा तांब्यात राहिले, की धातूचा अंश उतरून त्याला जी विचित्र चव येते, तिच्यासाठी आपल्याकडे हे स्वतंत्र क्रियापद आहे: कळकणे. आमटी आंबते, दूध नासते, भात विटतो आणि ताक कळकते. चार प्रकारचे बिघडणे आणि चार वेगळी क्रियापदे. म्हणून तर कल्हईवाला दारी यायचा. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर, कथलाची कांडी, आणि बोळा फिरवताच आतून चांदीसारखे उजळणारे भांडे. घरोघर स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईवाल्याचे काम गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्याबरोबर एक क्रियापदही बेकार झाले, हे कुणाच्या लक्षात आले नाही. स्टीलमध्ये काही कळकत नाही. आता बिघडेल ते सगळे नुसते 'खराब' होते.

इथवर आल्यावर मीही सभेत बोलते तशी बोलू लागले असणार. कारण खाली मांडलेल्या जात्याकडे पाहून मी म्हटले, "आई, काय दिवस असतील नाही! पहाटेची वेळ, जात्याची घरघर, त्यावरच्या ओव्या..."

आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू दळलेलं नाहीस ना कधी? म्हणून म्हणतेस. मी नऊ वर्षांची असल्यापासून आईबरोबर दळायला बसायची. चारला उठायचं. हाताला घट्टे. ओव्या काय हौसेनं म्हणत होतो का? झोप येऊ नये म्हणून म्हणायचो. आणि आई तर मला वाटतं, रडलेलं घरात ऐकू जाऊ नये म्हणून म्हणायची. मी लग्न होऊन इथं आले आणि कोपऱ्यावर पिठाची गिरणी पाहिली, तेव्हा मनात म्हटलं, सुटले. पुढं मिक्सर आला त्या दिवशी शेजारी साखर वाटलीय मी. जातं ठेवू नका घरात. मला नको."

वारशाच्या सभांत ही बाजू कुणी मांडत नाही. आपण ज्याला वारसा म्हणून हार घालतो, ते बऱ्याचदा कुणाचे तरी कष्ट असतात, आणि ते कष्ट संपले याचा आनंदच मानला पाहिजे. जाते गेले ते बरे झाले. पुन्हा कुणी पहाटे चारला उठावे म्हणून मी हा मजकूर लिहीत नाही. पण जात्यापाशी बसून आईंच्या आईने जे म्हटले, ते मात्र जात्याबरोबर जायला नको होते; कारण घरात जे कुणाला सांगता येत नव्हते, ते ती तिथे सांगत होती. आईंना तिच्या ओव्यांतल्या पाच आठवल्या. बाकीच्या गेल्या.

मग जपायचे म्हणजे करायचे तरी काय? सगळ्या वस्तू ठेवायला जागा नाही, आणि सगळे दिवस परत आणावेत असे नाहीत. याचे उत्तर मला आपल्याच वाङ्मयाच्या इतिहासात सापडते. आणि ते इतके साधे आहे, की परीक्षेत कुणी विचारत नाही. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ लीळाचरित्र. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी तो रिद्धपूरला नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली सिद्ध केला. कसा? ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्या माणसांकडे जाऊन, विचारून. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कुणाशी काय बोलले, कोण कशावरून रुसले, अशा शेकडो बारीकसारीक गोष्टी त्यांनी गोळा केल्या. एखाद्या मोठ्या पंडिताला त्या क्षुल्लक वाटल्या असत्या. पुढे दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा ज्यांना जे पाठ होते त्यांनी ते सांगून ती पुन्हा उभी केली. त्या काळची मराठी माणसे घरात कशी बोलत, हे आज आपल्याला कळते ते या क्षुल्लक गोष्टींमुळे. अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण फटाके लावले, त्यात या चौकश्यांचा वाटा मोठा आहे. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषेचे विद्यापीठ निघाले आहे.

विचारून लिहून ठेवणाऱ्यांची ही परंपरा पुढेही चालू राहिली. मोल्सवर्थ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी पंडितांना हाताशी धरून शब्द टिपत गेला आणि १८३१ साली त्याने मराठीचा कोश काढला. १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. शेतातले, बाजारातले, चुलीपुढचे शब्द त्याने हलके म्हणून गाळले नाहीत. आमचे 'कळकणे' त्यात सापडते. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड पुरे केले. शब्दांचे काम त्यांनी केले, तर वस्तूंचे काम दिनकर गंगाधर केळकरांनी केले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा माणूस गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, पानाचे डबे असल्या घरगुती वस्तू आणत राहिला. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी पुण्यात संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते राज्याला देऊन टाकले. वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत तिथे. राजेरजवाड्यांच्या तलवारी पाहायला म्हणून लोक जातात आणि आजीच्या घरातल्यासारखा अडकित्ता दिसला की तिथेच उभे राहतात.

आणि ओव्यांचे काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी केले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत बायकांपाशी बसून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. प्रत्येक ओवीपाशी ती सांगणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव आहे. २०१७ सालापासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या सर्वांना ऐकण्यासाठी खुल्या केल्या आहेत. मी आईंना त्यांतल्या काही मोबाइलवर ऐकवल्या. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. एका ठिकाणी म्हणाल्या, "आमच्याकडे हिची चाल जरा निराळी होती." आणि त्यांनी ती म्हणून दाखवली. ती आठवलेल्या पाचांतली नव्हती. सहावी होती.

तेव्हापासून आमच्या घरी एक वही सुरू झाली आहे. कल्पना मुलीची. जानेवारीत ती नोकरीसाठी बंगळूरला जायची आहे. तिथल्या खोलीत तिला फार तर ती सात मापे नेता येतील. म्हणून तिने दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले: वस्तूचे नाव, कशाची केलेली, कशाला वापरायची, कोण वापरायचे, तिच्यावरून बोलण्यात काय आले, आणि वस्तू आता कुठे गेली. रोज रात्री जेवणे झाली की आजी सांगते आणि नात लिहिते. नातीचे अक्षर आजीला लागत नाही आणि आजीचे शब्द नातीला लिहिता येत नाहीत, म्हणून शुद्धलेखनाला मी. 'ओगराळे', 'सट', 'वेळणी', 'काथवट', 'सहाण', 'ठाणवई' असे शब्द आमच्या घरात आता पुन्हा रोज उच्चारले जाऊ लागले आहेत. पण खरकटे काढायच्या आतच वहीवर बसायचा आजी-नातींचा हट्ट असल्यामुळे भांडी घासायला उशीर होतो, हा त्यातला तोटा. आमचे हे मात्र खूश आहेत. त्यांच्या आजीने कोणता अडकित्ता त्यांच्या आजोबांवर भिरकावला होता, ही हकीकत त्यांना साठाव्या वर्षी या वहीमुळे कळली.

आतापर्यंत बहात्तर वस्तू झाल्या. त्यांतल्या बऱ्याच शेवटच्या रकान्यात 'मोडीत' अशा आहेत. घंगाळ वजनावर गेले, बंब गेला. जाते माझ्या चुलत दिरांनी शेतावर नेले. आईंनी त्याला जाताना हळदकुंकू मात्र लावले, आणि आम्ही कुणी काही बोललो नाही. पाटावरवंटा समोरच्या खाणावळीत गेला आहे. तिथल्या बाई चटणी अजून त्यावरच वाटतात. वस्तू गेल्या त्याचे वाईट वाटत नाही, कारण जाताना प्रत्येकीने आपले नाव सांगितले.

एकीने मात्र सांगितले नाही. ती त्रेपन्नावी. वीतभर लांबीचा शिसवी लाकडाचा तुकडा. एका टोकाला बोटभर खोल खोबण, दुसऱ्या टोकाला दोरी ओवता येईल असे भोक, आणि मधोमध अंगठा बसेल इतका खळगा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. आई म्हणाल्या, "ही माझ्या सासूबाईंची. देवघराशेजारच्या कोनाड्यात असायची. पावसाळ्याच्या तोंडाला काढायच्या, मग परत ठेवायच्या. मी नवी होते, विचारायची टाप नव्हती. पुढं त्या गेल्या." एवढे बोलून त्या गप्प झाल्या. मुलीने नावाचा रकाना कोरा ठेवून पुढचा भरला.

तर या दिवाळीत माझी आपल्याला एवढीच विनंती आहे. फराळाची ताटे समोर येतील, घरातली वडील माणसे एकत्र बसतील, मुले मोबाइल घेऊन जवळ असतील. साचा परत खोक्यात जाण्यापूर्वी त्याला तुमच्याकडे काय म्हणतात ते विचारा. करंजीच्या कडा कापायच्या चाकाला काय म्हणतात ते विचारा. आमच्याकडे कातण म्हणतात. आजोबांना त्यांच्या पहिल्या पगारात काय काय आले ते विचारा, आणि आजीला तिच्या आईने म्हटलेले, तिला अर्धे आठवत असेल ते गाणे विचारा. अर्धेही चालेल. सांगणाराचे नाव, गाव आणि तारीख घालून लिहून ठेवा. मुलांच्या मोबाइलवर आवाज घेतलात तर उत्तम. वहीला फारशी जागा लागत नाही. अकराव्या मजल्यावरही ती मावते.

आणि त्रेपन्नावी वस्तू वर वर्णन केली आहे तशी आपल्यापैकी कुणाच्या घरी असेल, किंवा कुणाच्या आजीला तिचे नाव ठाऊक असेल, तर संपादकांच्या पत्त्यावर एक कार्ड जरूर टाकावे. आई वाट पाहत आहेत.